ओव्याचा डबा

मंगळवारी स्वान्झीच्या मार्केटात गर्दी नसते.
ब्रोकोलीचा गड्डा उलटा धरून मी देठ दाबून बघते,
पिशवीत कॅरिसने दिलेला कागद.

कॅरिस आहारतज्ज्ञ,
माझ्या मैथिलीहून दोनेक वर्षांनी लहान असेल.
भाज्या, डाळी, कोंड्यासकट धान्य,
तळलेलं कमी, दारू कमी, कमरेचा घेर आटोक्यात.
मी चष्मा पुसला आणि विचारलं,
एवढं सगळं केलं की होत नाही ना?
तिने पेनाला टोपण लावलं.
"खात्री नाही देता येत.
अंडाशयाच्या बाबतीत तर कुठल्याच ताटाची नाही.
हृदयाला बरं आहे हे, आतड्यांना बरं आहे, म्हणून खा."
ती खोटं बोलली नाही
याचं मला, खरं सांगते, जरा वाईटच वाटलं.

डाळींचं आम्हाला काय सांगते!
आम्ही दोघी बहिणी आमटीवर वाढलो.
शरयू नाचणीची आंबील प्यायची,
शेवग्याचा पाला निवडत बसायची,
चहासुद्धा बिनसाखरेचा.
मी इथे एकोणतीस वर्षं समुद्राकाठच्या बाकावर
व्हिनेगर शिंपडलेले चिप्स खाल्ले.
झालं तिला.
हा हिशेब कुठल्या वहीत मांडायचा?

तिचं पोट फुगायला लागलं तेव्हा
फोनवर मीच म्हणाले, ओवा चाव, वर कोमट पाणी पी.
सात महिने ओवा.
दोन घासांत पोट भरतं गं, म्हणाली.
बरंच की, म्हटलं, वजन उतरेल.
रात्री चारदा उठावं लागतं, म्हणाली.
वय, म्हटलं.

आपल्याकडे सगळं पोटातच असतं.
चूक पोटात घालायची, गुपित पोटात ठेवायचं,
लेक पोटची,
धास्तीचा गोळासुद्धा पोटातच येतो.
एवढ्या दाटीवाटीत
बदामाएवढ्या त्या दोघींना
घरात कधी कुणी नावानं हाक मारली नाही.
मिरजेच्या डॉक्टरांनी सोनोग्राफीवर बोट ठेवलं,
आणि मेहुणे मला म्हणाले,
"पोटात काहीतरी निघालंय."
तेव्हाही पोटच.

कोपऱ्यावरची ग्वेन शिंपले विकते
आणि शिजवून काळंहिरवं केलेलं समुद्राचं शेवाळ.
"हे खात जा. माझी आई ब्याण्णव वर्षं जगली."
मी पाव किलो घेते.
कॅरिसच्या कागदात ते नाही,
पण कागदापेक्षा ग्वेनचा आवाज ठाम आहे
आणि काही दिवस माणसाला ठाम आवाजच हवा असतो.
घरी वरून लसणाची फोडणी दिली.
खारट लागलं. वाईट नाही.

मैथिलीचा ब्रिस्टलहून फोन.
"काय केलंस आज?"
मी शेवाळ सांगणार होते, ज्वारी मिळत नाही ते सांगणार होते,
त्याऐवजी तोंडातून निघालं, अंडाशय.
मावशीला अंडाशयाचा होता.
आजीला काय होतं ते कुणी विचारलंच नव्हतं.
गुरुवारी माझं रक्त घेणार आहेत, जनुकांच्या तपासणीसाठी.
आणि तुझं पोट रोज फुगायला लागलं,
दोन-तीन आठवडे तसंच राहिलं,
तर मला फोन करू नकोस, डॉक्टरला कर.
मग ये माझ्याकडे.

पलीकडे किटली उकळून बंद झाल्याचा आवाज.
"आई," बऱ्याच वेळाने, "जेवलीस का?"

ओव्याचा डबा मी फेकला नाही.
ओव्याचा काय दोष?
पुऱ्यांना लागतो, भज्यांना लागतो, आता क्वचित.
फक्त वरच्या फळीवर सरकवलाय,
स्टूल ओढल्याशिवाय हात पोचत नाही.
तेवढ्या वेळात
माणूस स्वतःला विचारू शकतो,
किती दिवस झाले?